सातव्या फेरीचा फोन

फ्रिजच्या पोटात बर्फाचे खडे खडखडून खाली पडले आणि आमचा अख्खा हॉल दचकला. सासूबाईंचा हात मंगळसूत्राकडे गेला. शेजारचे मनोहरकाका सोफ्यावरून अर्धे उठले होते, ते तसेच परत बसले.

“बर्फ आहे,” मी म्हटलं. “फोन नाही.”

“केदार, तो फ्रिज आधी बंद कर रे,” काका म्हणाले. “देवांगचं व्हायचं ते होईल, माझं हार्ट जाईल त्याच्या आधी.”

केदार म्हणजे माझा नवरा. तो हसला नाही. त्याचे डोळे टीव्हीवर होते, तिथे सहावी फेरी संपत आली होती. माझ्या खांद्यावर परीक्षित, पाच महिन्यांचा, त्या आवाजानं जागा झाला आणि ओठ काढून रडावं की नको याचा विचार करायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नको रे राजा, आत्ता नको.

देवांग माझा धाकटा दीर. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळला आणि आता व्यावसायिक टीममध्ये जायच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्या उंबरठ्याचं नाव ड्राफ्ट. तीन दिवस, सात फेऱ्या. अमेरिकेतल्या सगळ्या टीमनी पाळीपाळीनं एकेक पोरगा उचलायचा. ज्याला उचललं त्याला आधी घरी फोन येतो, मग त्याचं नाव टीव्हीवर पुकारतात. गुरुवारची पहिली फेरी आमची नव्हतीच. शुक्रवारही नव्हता. आज शनिवार, शेवटचा दिवस.

देवांग पंटर आहे. तीन प्रयत्नांत टीम पुढे सरकली नाही की यानं मैदानात यायचं, लाथेनं चेंडू लांब उडवून द्यायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. “म्हणजे संकट आलं की आठवतात तो,” असं सासूबाई मंडळातल्या बायकांना समजावून सांगतात. एका टीमला असा एकच लागतो आणि चांगला असला की तो वर्षानुवर्षं हलत नाही. त्यामुळे पंटर उचलला गेलाच तर शेवटी शेवटी, भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकावी तसा.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो, टीव्हीच्या अगदी समोर डायनिंगची खुर्ची ओढून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात घरातच बूट. कॉफी टेबलवर आयपॅड उभा केलेला आणि त्यात पुण्याच्या आत्या, स्वेटर घालून, उशीला टेकून. तिकडे पहाट व्हायची होती. आत्या मधूनच डुलकी काढायच्या आणि “आला का रे?” म्हणून जाग्या व्हायच्या. आयपॅडच्या शेजारी पेढ्यांचा बॉक्स. दोरीसकट.

बाबा दहावीला बोर्डात चौदावे आले होते. आज त्यांचं डोकं पांढरं झालं, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली नोकरी संपत आली, तरी नव्या माणसाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्यात चौदावे येतात. मला ते कधी बढाई वाटली नाही. आपण कोण, हे त्यांना एकदा कुणीतरी छापून सांगितलं होतं, एवढंच.

त्यामुळे ड्राफ्टचा अभ्यास त्यांनीच सगळ्यात जास्त केला. कोण कितव्या फेरीत निवडला गेला आणि किती वर्षं टिकला, याचे आलेख काढले आणि जेवायला बसलं की आम्हाला ऐकवले. परवाच म्हणाले, “पहिल्या फेरीतली पोरं जास्त टिकतात. का टिकतात?”

“चांगली असतात म्हणून,” केदार म्हणाला.

“चूक. म्हणजे अर्धं चूक. त्यांना कुणीतरी चारचौघांत घेतलेलं असतं. पोरगं चुकलं तरी त्याला पुन्हा उभं करतात. काढून टाकलं तर आपली निवड चुकली हे कबूल करावं लागतं ना! जितका वरचा नंबर, तितकी घेणाऱ्याला लाज जास्त. म्हणून म्हणतो, सातवी तर सातवी, पण कुणीतरी आपल्यावर नाव लावलं पाहिजे.”

“बाबा, सेव्हन्थ राउंडला कोणालाच लाज नाही वाटत,” देवांग ताटाकडे बघत म्हणाला. “ऑगस्टमध्ये कट करतात. सकाळी सांगतात, लंचपर्यंत तुमचा लॉकर रिकामा.”

“आणि ज्याला कुणी निवडलंच नाही त्याला? त्याला काढायला सकाळची पण वाट नाही बघत.”

मला दोघांचंही पटलं होतं. मी माझ्या परीक्षितला घेऊन महिन्याच्या महिन्याला डॉक्टरकडे जाते, तिथली नर्स त्याला काट्यावर ठेवते आणि शंभर बाळांच्या रांगेत याचा नंबर कितवा ते सांगते. याचा नंबर नेहमी खालून मोजलेला बरा. डॉक्टर म्हणतात, काळजी नको, तो त्याच्या रेषेवर वाढतोय. मी मान डोलावते, घरी येते आणि त्याच्या मनगटाला माझ्या दोन बोटांची कडी करून बघते.

सातवी फेरी सुरू झाली. परीक्षितनं शेवटी रडायचंच ठरवलं, म्हणून मी त्याचा लंगोट बदलायला लाँड्रीच्या खोलीत गेले. तिथे ड्रायरवर देवांग बसला होता. एवढा उंच मुलगा, गुडघे छातीशी घेऊन. फोन कानाला.

“ओके, ब्रेट. ओके. फाइव्ह मिनिट्स.” त्यानं फोन ठेवला. ब्रेट म्हणजे त्याचा एजंट. “वहिनी, दार लाव ना.”

मी पायानं दार लोटलं.

“मला ड्राफ्ट व्हायचं नाहीये.”

मला वाटलं पोरगा घाबरला. मी बाळाचे पाय वर धरून पुसत होते, तशीच म्हणाले, “असं होतं रे शेवटच्या क्षणी. मी लग्नाच्या दिवशी सकाळी—”

“नो, नो, ऐक. दोन टीम आहेत. एकीकडे ऑलरेडी पंटर आहे, मोठं कॉन्ट्रॅक्ट आहे त्याचं, चार वर्षांचं. तो आरामात बसलाय, म्हणून त्याला घाबरवायला त्यांना कोणीतरी पाहिजे. तेवढ्यासाठी मी. ऑगस्टमध्ये बाय-बाय. दुसऱ्या टीमचा पंटर रिटायर झाला, त्यांच्याकडे कोणीच नाहीये. कोणीच नाही, वहिनी! पण त्यांच्या सगळ्या पाळ्या संपल्या. सो जर मला कुणीच घेतलं नाही, तर ड्राफ्ट संपल्यावर मी फ्री, आणि मी त्यांच्याकडे जाऊ शकतो. पहिल्या टीमनं नाव घेतलं तर संपलं. नाही म्हणता येत नाही.”

“म्हणजे नाव नाही आलं तर चांगलं?”

“यस.”

“आणि नाव नाही आलं आणि त्या दुसऱ्या टीमनंही विचार बदलला तर?”

परीक्षितनं त्याच्याकडे बघून बोळकं उघडलं. देवांगनं त्याच्या तळपायाला बोट लावलं, नुसतं लावलं.

“बाबांना सांग,” मी म्हटलं.

“कसं सांगू? पुण्यात आत्याला जागं ठेवलंय. पेढे आणलेत. आईनं तर गणपती बुडवलाय.”

“बुडवला नाही रे, पाण्यात ठेवलाय.”

“सेम थिंग. ही इज अंडरवॉटर, वहिनी.”

हसू आलं आम्हाला दोघांना, आणि त्या हसण्यातच त्याचे डोळे भरून आले. पुन्हा ब्रेटचा फोन आला आणि तो बोलायला लागला. मी बाळाला उचललं, दार उघडलं, आणि हॉलमध्ये दुसराच फोन वाजला.

बाबांचा.

हिवाळ्यात वेगवेगळ्या टीमनी घरच्यांचे नंबर मागितले होते तेव्हा बाबांनी देवांगच्या नंबरखाली स्वतःचा दिला होता. “पोरगा फोन उचलत नाही,” म्हणून. बालवाडीपासून दोन्ही मुलांच्या सगळ्या गोष्टींत बाबांचाच नंबर असतो. देवांगची लाइन एंगेज, तर टीमनं इकडे लावला. बाबांनी तो उचलला आणि, ते नेहमी करतात तसा, स्पीकरवर टाकला.

पलीकडचा माणूस आनंदी होता. मुलाचा फोन लागत नाहीये म्हणाला. आमची पाळी आता येतेच आहे म्हणाला, आणि आम्ही देवांगचा विचार करतोय, तो आमच्याकडे यायला खूश असेल ना?

त्यानं टीमचं नाव सांगितलं. ती देवांगला नको असलेली पहिली टीम होती.

बाबा उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं बघतेय, पण त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. जणू कुणी पुन्हा छापून आणलं होतं. सासूबाईंनी हात जोडले. मनोहरकाकांनी शेजारी बसलेल्या बायकोचं, सरलाकाकूंचं, मनगट पकडलं, काकू “अहो, बांगडी!” म्हणाल्या. आत्या आयपॅडमधून, “कोण आहे? आला का?”

“ऑफ कोर्स, सर,” बाबा म्हणाले, “इट इज अवर—”

आणि त्यांना माझ्या मागे उभा असलेला देवांग दिसला. तो मान हलवत होता. नाही. नाही.

बाबांनी फोन छातीला दाबून धरला. “काय?”

“मला तिकडे नाही जायचं, बाबा.”

“वेडा आहेस का? तुला घेतायत!”

“त्यांच्याकडे पंटर आहे. त्याला नुसतं टेन्शन द्यायला मला घेतायत. दुसरी टीम आहे, त्यांच्याकडे जागा रिकामी आहे. पण त्यांची पाळी नाही उरली. माझं नाव नाही आलं तरच ते मला घेऊ शकतात.”

“नाव नाही आलं तरच.” बाबांनी ते शब्द चावून बघितले. “आणि ते नक्की घेतील?”

“ब्रेट म्हणतो घेतील.”

“ब्रेट म्हणतो! लिहून दिलंय त्यांनी?”

“ड्राफ्ट संपेपर्यंत कोणी लिहून देत नाही, बाबा.”

“मग हे हातातलं सोडायचं? आणि पळत्याच्या पाठी लागायचं?”

बाबांच्या शर्टातून बारीक आवाज येत होता. हॅलो? सर? हॅलो?

“तुम्हीच म्हणालात ना,” देवांग म्हणाला. “लाज वाटायला पाहिजे. यांना मला काढताना काहीच वाटणार नाही. रिकामी जागा असेल तर निदान... निदान त्यांना माझी गरज असेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे, माहीत नाही. कदाचित मी मध्ये उभी होते म्हणून. मी काही बोलू शकले असते. परीक्षितनं माझा कानातला डूल मुठीत धरला होता आणि मी तशीच मान वाकडी करून उभी राहिले.

मग बाबांनी फोन छातीपासून काढला. “सर,” ते म्हणाले, शाळेतल्या मुलासारखं सावकाश, “माय सन विल स्पीक.” आणि फोन पुढे केला.

देवांगनं तो घेतला. त्याचं इंग्रजी आमच्यासारखं नाही, ते इथलं आहे. त्या भाषेत तो एकदम मोठा माणूस वाटला. आभार मानले. आदर आहे म्हणाला. पण शक्य असेल तर माझं नाव घेऊ नका, मला जिथे संधी आहे तिथे जाऊ द्या, म्हणाला.

पलीकडचा माणूस म्हणाला, “ऐकलं मी तुझं. पण शब्द देत नाही. पाळी आमची आहे, घ्यायचं असेल तर आम्ही घेणारच.” आणि फोन बंद झाला.

त्यानंतरच्या त्या वेळाचं काय सांगू. सकाळपासून सगळं घर एक नाव ऐकायला बसलं होतं, आता तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, ते नाव येऊ नये म्हणून बसली. टीव्हीवर त्या टीमच्या आधी अजून तीन टीम होत्या. एकेक पोरगा निवडला जात होता, त्यांच्या घरातली माणसं उड्या मारत होती, आया रडत होत्या. आमच्याकडे कोणी चमचाही वाजवत नव्हतं.

“आता मी देवाला काय सांगू?” सासूबाई हळूच म्हणाल्या. त्या देवघरासमोर उभ्या होत्या, हातात चमचा, समोर पितळी वाटीत गळ्यापर्यंत पाण्यात गणपती. “सकाळपासून म्हणतेय, नाव येऊ दे, येईपर्यंत बाहेर काढणार नाही. आता उलटं मागू? त्याला वाटेल ही बाई डोक्यावर पडलीय.”

“काढून ठेवा हो आई,” मी म्हटलं. “पुसून.”

“काढला तर नवस अर्धा राहिला. नाही काढला तर तो आपला सकाळचंच धरून बसेल. सांगितलेलं काम करेल तो! तो मुलांसारखा थोडाच आहे, मध्येच ऐकून घ्यायला.”

माझी सहा वर्षांची अनिका त्यांच्या पदराला धरून उभी होती. “आजी, तुम्ही त्याला इंग्लिशमध्ये सांगा. मग न्यू मेसेज होईल.”

मनोहरकाका खोकल्यासारखं हसले. सासूबाई मात्र खरंच वाटीकडे वाकल्या. काय पुटपुटल्या, कुठल्या भाषेत, मला ऐकू आलं नाही.

“चूप,” केदार म्हणाला. “आली. त्यांची पाळी.”

देवांग जमिनीवर बसला होता, सोफ्याला पाठ लावून. बाबा परत आपल्या खुर्चीवर. दोघांनीही हात मांड्यांखाली घातले होते, अगदी सारखे. टीव्हीवरच्या बाई-पुरुषांच्या गप्पांचा आवाज चालूच होता, घड्याळ मागे मागे जात होतं. मी बाळाला घट्ट धरलं. मला आठवतं, मी काहीच मागत नव्हते. काय मागायचं तेच कळत नव्हतं. नाव आलं तर बाबांना छापलेलं मिळेल आणि देवांगला ऑगस्टपर्यंतचा उन्हाळा. नाव नाही आलं तर देवांगला फक्त ब्रेट नावाच्या, आम्ही कधी न पाहिलेल्या माणसाचा शब्द.

मंचावर एक माणूस आला. कागद उलगडला. कुठल्याशा कॉलेजचं नाव घेतलं, ते देवांगचं कॉलेज नव्हतं.

कुणी टाळी वाजवली नाही. सरलाकाकूंनी सवयीनं वाजवायला हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले.

“म्हणजे झालं?” मनोहरकाका म्हणाले. “का नाही झालं? अरे, कुणीतरी सांगा यार, मी खूश होऊ का?”

“अजून बाकीच्या टीम आहेत,” देवांग म्हणाला. पण त्या बाकीच्या कुणाला पंटर नको होता. शेवटचा पोरगा निवडला गेला, गाणं वाजलं, आणि देवांग फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. आमच्या मागे गवत नाही, नुसती खडी आहे; ती त्याच्या पायाखाली कुरकुरताना घरात ऐकू येत होती. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

आयपॅडमधून आत्या म्हणाल्या, “प्रताप, काय झालं रे?”

बाबा आयपॅडसमोर येऊन बसले. “ताई, नाव नाही आलं.”

“अगं बाई.” आत्यांनी चष्मा काढला. “चालायचंच. वाईट नको वाटून घेऊस. पुढच्या वर्षी पुन्हा बसेल तो.”

पुन्हा बसता येत नाही. एकदाच असतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी आत्यांना दुरुस्त केलं नाही. “हो ताई,” म्हणाले. “झोप तू आता.”

खडीचा आवाज थांबला. देवांग सरकत्या दारातून आत आला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, आणि मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

“त्यांचा फोन होता,” तो म्हणाला. “दुसऱ्या टीमचा. बोलावलंय. पुढच्या आठवड्यात.”

केदारनं त्याला उचललंच. सासूबाई रडायला लागल्या. त्या गडबडीत पेढ्यांच्या बॉक्सची दोरी मनोहरकाकांनीच तोडली आणि पहिला पेढा स्वतःच्या तोंडात घातला. “बोलावलंय ना? मग झालं की!”

“बोलावलंय, काका,” देवांग म्हणाला. “अजून एकाला पण बोलावलंय. दुसरा पंटर. आत्ताच सांगितलं.”

काकांचं तोंड चावता चावता थांबलं.

बाबा उठले. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत होतो. देवांग आत्ताही कुणाचा नव्हता, त्याला ठेवण्यात कुणाचं काही अडकलं नव्हतं. बाबांनी बॉक्समधून एक पेढा घेतला, अर्धा मोडला, देवांगला भरवला. उरलेला अर्धा हातात तसाच राहिला. “तो दुसरा,” त्यांनी विचारलं, “किती लांब मारतो?”

“माझ्यापेक्षा थोडं जास्त,” देवांग म्हणाला. “पण माझा उंच जातो.”

“उंच,” बाबा म्हणाले. “बरं.”

आणि दोघं मागे खडीवर गेले. ऊन अजून भिंतीवर होतं. चेंडू किती सेकंद हवेत राहतो, पडताना कसा वळतो, असं बाबा विचारत होते आणि देवांग हातवारे करून सांगत होता.

मी मुलांना आंघोळीला घेतलं. परीक्षित पाण्यात बसला की त्याची सगळी हाडं दिसतात. मी त्याच्या मानेखाली तळहात धरून पाणी ओतत होते आणि अनिका टबच्या कडेवर बसून आपल्या पावलांना साबण लावत होती. दिवसभर ती इतकी शहाण्यासारखी वागली होती की मला तिच्याकडे बघायलाच झालं नव्हतं. आता तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा ती मोठ्या माणसासारखा विचार करताना दिसली.

“आई,” ती म्हणाली, “ऑगस्टमध्ये देवांगकाका जर घरी परत आला, तर आपण हॅपी व्हायचं, की सॅड?”